हेदवीसमोर घेतलेला रीफ

“वृंदा, रीफ घेऊ या आता,” विजयकर मॅडम म्हणाल्या.

त्या सुकाणूचा दांडा धरून बसल्या होत्या. मी समोरच्या बाकावर पाय ताणून बसले होते. डाव्या हाताला, दीडेक मैलावर, गुहागरची सुरूची रांग मागे पडत होती आणि मॅडमची शिडाची बोट ‘टिटवी’ छान पळत होती. सकाळी सहाला हर्णैहून निघालो तेव्हा वारा जवळजवळ नव्हताच. अकरानंतर तो भरला. असाच राहिला असता तर चारच्या आत आम्ही जयगडच्या खाडीत नांगर टाकला असता.

मी वर बघितलं. मुख्य शीड पूर्ण चढवलेलं होतं, टम्म फुगलेलं. पश्चिमेला पार क्षितिजाशी एक काळपट पट्टी होती. अर्ध्या तासापूर्वी ती नव्हती.

“अजून नको,” मी म्हटलं. “बोट सुखात आहे. दहा मिनिटं जाऊ देत, मग बघू.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दांड्यावरची त्यांची बोटं आवळली गेलेली मला दिसली. मला वाटलं, घाबरल्या असतील.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. माझगावात एका गोदामाच्या पोटमाळ्यावर माझं शिडं शिवायचं आणि दोर-कप्प्या बसवायचं छोटं दुकान होतं. मुंबईत हौसेने शिडाच्या बोटी चालवणारी माणसं मोजकी, त्यामुळे कामही मोजकंच. त्यात मी बाई. पहिल्या वर्षी माझ्याकडे फक्त फाटकी शिडं आली. कप्प्यांचं, डोलकाठीचं, जिथे चूक झाली तर माणूस जाईल असं काम कुणी देत नव्हतं.

ते काम पहिल्यांदा दिलं हेमलता विजयकरांनी. साठीच्या, सडपातळ, केस बारीक कापलेल्या. नवऱ्याबरोबर तीस वर्षं बोट चालवलेल्या. त्याच्या दोन वर्षं आधी त्यांचे पती अरविंद विजयकर याच बोटीवरून, मुरूडच्या समोर, समुद्रात पडले आणि गेले. ते रीफ घ्यायला डोलकाठीपाशी गेले होते.

रीफ घेणं म्हणजे वारा वाढला की मोठं शीड थोडं खाली उतरवायचं आणि त्याची खालची पट्टी बूमवर, म्हणजे डोलकाठीला जोडलेल्या आडव्या दांड्यावर, आवळून टाकायची. शीड लहान होतं, बोट सरळ होते. जुन्या पद्धतीत त्यासाठी एकाला पुढे डोलकाठीपर्यंत जावं लागतं. शिडाच्या कडेला एक लोखंडी कडी असते, ती खाली ओढून बूमच्या मुळाशी असलेल्या हुकात अडकवायची. ऐन वाऱ्यात, हलत्या बोटीवर.

“मला असं काहीतरी करून दे,” माझ्या पोटमाळ्यावर स्टुलावर बसून त्या म्हणाल्या होत्या, “की यापुढे कुणालाही पुढे जावं लागणार नाही. सगळं मागे बसून, एका दोरावर झालं पाहिजे.”

अशी योजना असते. एकच लांब दोर कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या बसायच्या खोलगट जागेतून, निघतो, बूमच्या पोटातल्या कप्प्यांमधून फिरतो आणि शिडाची पुढची आणि मागची अशी दोन्ही टोकं एकाच वेळी खाली खेचतो. मी ती करून दिली. जानेवारी ते एप्रिल, चार महिने.

मी हे काम का घेतलं हे मात्र मी त्यांना सांगितलं नव्हतं.

अरविंद विजयकर गेले त्यानंतर नौकानयन क्लबाच्या चौकशी समितीपुढे मॅडमनी जबाब दिला होता. बूमच्या मुळाचा हूक उघडला, कडी सुटली, शीड उसळून वर गेलं आणि त्या हिसक्याने ते बाहेर फेकले गेले. तो हूक महिन्याभरापूर्वी नवीन बसवला होता. घडवून बसवणारा होता बाबल तांडेल. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही. फक्त पुढच्या महिन्यापासून त्याला बोटदुरुस्तीच्या यार्डात कुणी हाक मारेना. सहा महिने वाट बघून तो मालवणकडे, तळाशीलला, आपल्या गावी निघून गेला.

बाबलमामा माझा सख्खा मामा नव्हे, आईच्या माहेरच्या वाडीतला. पण कप्पीतून दोर कसा ओवायचा इथपासून सगळं मी त्याच्या हाताखाली शिकले. सोळा वर्षांची असल्यापासून. मॅडमना ते ठाऊक नव्हतं. माझं आडनाव कुबल, त्याचं तांडेल.

मार्चच्या सुरुवातीला मी ‘टिटवी’चा बूम उतरवला तेव्हा तो हूक मी हातात धरून बघितला. माझ्या अंगठ्याएवढा जाड. वाकलेला नाही, उघडलेला नाही, जोडाला केसाएवढी चीर नाही. मामाच्या हाताचा जोड मी ओळखते. नव्या योजनेत त्या हुकाचं काही काम नव्हतं, पण मी तो काढला नाही. होता तिथे राहू दिला.

मेच्या अखेरीला पावसाळ्यापुरती बोट जयगडच्या खाडीत नेऊन ठेवायची ठरली, आणि मॅडम म्हणाल्या, “तूच चल बरोबर. तुझी योजना आहे, तूच चालवून दाखव.” मी लगेच हो म्हटलं. दोन दिवस, दोघीच, कुठे उठून जाता येणार नाही अशा जागी. मला त्यांना एकच प्रश्न विचारायचा होता. मुंबई ते हर्णै मी तो विचारला नाही. हर्णै ते गुहागरही विचारला नाही.

आणखी एक गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती. योजनेसाठी आठ मिलिमीटरचा दोर लागत होता. तो परदेशातून यायचा होता, आलाच नाही. मी दहाचा घातला. यार्डात, वारा नसताना, तो कप्प्यांतून जात होता. जरा अडखळत, पण जात होता. वापराने सैल होईल, असं मी स्वतःला सांगितलं. माझं पहिलं मोठं काम होतं आणि ते वेळेत संपवायचं होतं.

म्हणून मी म्हटलं, अजून नको. बोट सुखात होती म्हणून नाही. रीफ घ्यायची वेळच आज आली नाही तर बरं, असं मला वाटत होतं.

दहा मिनिटांत ती काळपट पट्टी निम्म्या आकाशावर आली. मच्छीमारांचे दोन ट्रॉलर समोरून, आमच्या उजव्या अंगाने, तिरके आले आणि आमच्याकडे न बघता दाभोळच्या दिशेला गेले. वारा एकदम थांबला. शीड लोंबलं. मॅडम म्हणाल्या, “आता लगेच घे.” मी उठले, शीड चढवायच्या दोराचा क्लच, म्हणजे दोर धरून ठेवणारा चाप, सोडायला हात घातला, आणि तेवढ्यात नैर्ऋत्येकडून वारा आदळला.

बोट डावीकडे आडवी झाली. डाव्या कडेवरून पाणी आत आलं, माझ्या गुडघ्यापर्यंत. मी विंचला, दोर ओढायच्या फिरत्या खुंटाला, मिठी मारली. मॅडम दोन्ही पायांनी समोरचा बाक रेटून दांडा ओढत होत्या.

“सोड, वृंदा. शीड सोड.”

मी क्लच उघडला. शीड खाली यायला लागलं. मी रीफचा दोर विंचवर चार वेढे घालून ओढला. हातभर आला, आणखी हातभर आला, आणि थांबला. मी विंचचा दांडा लावून फिरवला. दोर तारेसारखा ताठ झाला, हलला नाही. बूमच्या पोटात कुठेतरी कप्पीत तो रुतून बसला होता. शिडाची पुढची कड अर्धी खाली आली होती आणि मागची मोकळी होती. सगळं शीड फडफडत होतं. ते एवढं जोरात फडफडत होतं की डोलकाठी मुळापासून हादरत होती आणि बोलणं ऐकू येत नव्हतं. आता ते वरही जाईना आणि खालीही येईना.

“इंजिन लावते,” मॅडम ओरडून म्हणाल्या.

इंजिन लागलं. बोट जेमतेम वाऱ्याकडे वळायला लागली, आणि पायाखाली धप्प असा आवाज होऊन इंजिन बंद पडलं. मी मागे वळून बघितलं. शीड चढवायच्या दोराचा मोकळा गुंडाळा पाण्याबरोबर कडेवरून वाहून गेला होता आणि ताठ होऊन बोटीखाली गेला होता. इंजिनाच्या पंख्यात अडकला होता. तो गुंडाळा खिळ्याला अडकवून ठेवायचं काम माझं होतं.

शक्कल लढवायला वेळ नव्हताच. डावीकडे आता गुहागर मागे गेलं होतं आणि हेदवीचे खडक दिसत होते. खडक म्हणजे काळे दिसायला हवेत, ते पांढरे दिसत होते. लाट फुटून वर उडायची आणि खाली बसायच्या आत दुसरी उडायची. मैलभर अंतर होतं. त्याहून थोडं कमीच. आणि वारा आम्हाला तिकडेच ढकलत होता.

“मी पुढे जाते,” मी म्हटलं. “दोर कापते आणि हाताने कडी खाली ओढते.”

“नाही.”

“मॅडम, दुसरा उपाय नाही.”

“कुणीही पुढे जायचं नाही.” त्यांनी एका हाताने माझ्या जॅकेटचा सुरक्षा-पट्टा पकडला. “नांगर टाकू.”

“इथे खडक आहे तळाला, नांगर धरणार नाही. मला जाऊ द्या.”

“नाही म्हटलं ना. तिथे गेलेला माणूस मी बघितलाय.”

तेव्हा मी बोलले. तीन महिने तोंडात धरलेलं वाक्य, बोलायला सगळ्यांत वाईट वेळी.

“तुम्ही काय बघितलं ते मला माहीत नाही. पण बाबल तांडेलने लावलेला हूक अजून तिथेच आहे. तो उघडला नव्हता. मी हातात धरून बघितलाय.”

शीड फडफडतच होतं. त्यांनी ऐकलं की नाही हे क्षणभर मला कळलं नाही. मग त्यांचा माझ्या जॅकेटवरचा हात सुटला.

“तू कोण त्याची?” त्यांनी विचारलं.

“त्याच्या हाताखाली शिकले.”

त्यांनी एकदा खडकांकडे बघितलं. एकदा वर शिडाकडे. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यावर राग नव्हता आणि भीतीही नव्हती. काहीतरी ठरवून टाकलं होतं.

“पट्टा तारेत अडकव,” त्या म्हणाल्या. “सुरी आहे?”

“आहे.”

“मी बोट फिरवते. पुढचं लहान शीड सोडायचं नाही, आहे तसंच राहू दे, ते उलटं फुगेल. बोट शांत होईल. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. मी ‘बस’ म्हटलं की बसायचं, हातातलं काम तसंच टाकून. कळलं?”

“हो.”

त्यांनी दांडा पूर्ण रेटला. ‘टिटवी’ वाऱ्यातून फिरली, नाळ, म्हणजे पुढचं टोक, समुद्राकडे झाली. लहान शीड उलट्या बाजूने भरलं आणि बोट एकाएकी थांबल्यासारखी झाली. पुढे जाईना, आडवी होईना, लाटांवर नुसती वरखाली होत राहिली. फडफड निम्मी झाली. ही युक्ती मी पुस्तकात वाचली होती आणि मामाच्या तोंडून ऐकली होती. करताना कुणाला बघितलं नव्हतं. खडकांकडे वाहत होतो, पण हळू. मला वाटतं, आमच्या हातात वीस मिनिटं होती.

“जा.”

मी गुडघ्यांवर पुढे गेले. कडेच्या तारेत पट्ट्याची कडी सरकवत, पोटावर, हाताला लागेल ते धरत. बारा फूट अंतर. मागून मॅडमचा आवाज येत होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, येणाऱ्या प्रत्येक लाटेकडे बघत होत्या आणि एकेक लाट मला सांगत होत्या. “ये. ये. बस.” मी बसायची. पाणी डोक्यावरून जायचं. “ऊठ. ये.”

डोलकाठीला मी दोन्ही पायांनी विळखा घातला आणि सुरीने रीफचा दोर कापला. चार महिन्यांचं काम होतं. तो सुटला तसा सापासारखा उडाला आणि माझ्या गालावर बसला. ती खूण अजून आहे. मग मी शिडाच्या कडेची कडी धरली आणि खाली ओढली.

ती येईना. ओल्या शिडाचं वजन आणि वाऱ्याची ओढ. मी दोन्ही हातांनी लटकले. वीतभर आली.

“बस.”

मी बसले नाही. आता सोडली तर परत मिळणार नाही, असं वाटलं.

लाट डावीकडून आली. पाय सुटले, मी आडवी घसरत उजव्या कडेवरून बाहेर गेले आणि पट्ट्याने मला कमरेत गच्चकन धरलं. अर्धी मी पाण्यात होते. तोंडात खारं पाणी, आणि डोळ्यांसमोर बोटीचा पांढरा रंग. मी वर बघितलं तर मॅडम दिसत होत्या. त्या जागेवरून उठल्या नव्हत्या. दांडा दोन्ही हातांत होता. त्या उठल्या असत्या, मला धरायला धावल्या असत्या, तर बोट फिरली असती आणि बूम मला लागला असता. त्यांना ते कळत होतं. त्यांचे ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता.

मग आवाज आला. “वृंदा, डावा पाय. डावा पाय कडेवर घे. आता लाट नाहीये. आता ये.”

मी डावा पाय कडेवर घेतला. आले.

“बस म्हटलं की बसायचं,” त्या तिथून म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता.

दुसऱ्यांदा मी ऐकलं. त्यांनी बस म्हटलं की बसले, ऊठ म्हटलं की लटकले. तिसऱ्या की चौथ्या खेपेला कडी बूमच्या मुळापर्यंत आली आणि मी ती मामाच्या हुकात घातली. हूक धरून राहिला. मग बूमवर पोट टाकून मागे सरकले आणि शिडाचं मागचं टोक खिशातल्या दोराने बूमला सात-आठ वेढे घालून बांधलं. बोटं बधिर झाली होती. गाठ दातांनी ओढली.

मी कॉकपिटमध्ये पडले तेव्हा मॅडमनी लहान शीड सरळ केलं, माझ्या हातात दोर दिला आणि म्हणाल्या, “ओढ.” लहान झालेलं शीड भरलं. बोट सरळ झाली आणि समुद्राकडे चालायला लागली. मी मागे बघितलं. खडकांवरून उडणाऱ्या पाण्यातून मला मागच्या टेकडीवरची माडाची झाडं वेगवेगळी दिसत होती, एकेक. इतके जवळ आलो होतो.

तासभर आम्ही समुद्रात आत गेलो, मग वळलो. पाच वाजता जयगडचा किल्ला दिसला. शिडावरच खाडीत शिरलो आणि किल्ल्याच्या आडोशाला नांगर टाकला. तिथे वाराच नव्हता. धक्क्यावर बायका मासळी निवडत होत्या.

मॅडमनी स्टोव्हवर चहा ठेवला. माझ्या गालाला आयोडीन लावलं.

“अरविंदने तीनदा सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. मी काही विचारलं नव्हतं. “रीफ घेऊ या, रीफ घेऊ या. बोट मस्त पळत होती. शर्यतीचे दिवस जवळ होते, मला वेळ कमी करायचा होता. मी म्हटलं, दहा मिनिटं. तिसऱ्या वेळी तो न विचारताच उठून गेला. तोवर उशीर झाला होता, म्हणून घाई. घाई होती म्हणून पट्टा लावला नाही. तो डोलकाठीपर्यंत पोचलासुद्धा नाही. त्या हुकाला त्याचा हात लागला नाही.”

“मग हूक का सांगितलात?”

“चिन्मयचा फोन आला. माझा मुलगा, तेव्हा सिंगापूरला होता. त्याने विचारलं, आई, कसं झालं? पहिलं जे तोंडात आलं ते हूक. नवीन होता ना, म्हणून तो आठवला. मग क्लबाच्या लोकांनी विचारलं. तोवर चिन्मय आला होता, शेजारीच बसला होता.” त्यांनी कप खाली ठेवला. “बाबलला त्यांनी बोलावलं होतं. तो समोर उभा होता. म्हणाला, मी पुन्हा बघतो, माझ्याकडून काही राहिलं असेल. मी खाली बघत होते.”

माझ्याकडे दोन वर्षं तयार केलेलं भाषण होतं. त्यातली बरीच वाक्यं मला पाठ होती. मी ते सुरू करणार होते.

“दोर का अडकला गं?” त्यांनी विचारलं. सहज. खरोखर जाणून घ्यायला.

“खार धरला असेल,” मी म्हटलं. “मिठाने कप्पी घट्ट होते.”

त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. मला विचार करावाच लागला नव्हता. वाक्य आपोआप आलं होतं, अगदी सरळ, कुणालाही पटेल असं.

मी चहा संपवला. मग म्हटलं, “खार नाही. दोर जाड होता. आठचा हवा होता, मी दहाचा घातला. मला यार्डातच कळलं होतं. म्हणून मी दहा मिनिटं म्हणत होते.”

त्यांनी माझा रिकामा कप घेतला आणि आपल्या कपाशेजारी ठेवला.

“मला कागद दे,” त्या म्हणाल्या.

माझ्या कामाच्या वहीतली दोन पानं त्यांनी भरली. क्लबाच्या नावाने, सगळं जसं झालं तसं, खाली सही आणि तारीख. दुसरी प्रत चिन्मयच्या नावाने. तिसरी बाबल तांडेलच्या नावाने, आणि ती माझ्या हातात दिली. “मीही येईन त्याच्याकडे,” म्हणाल्या. “पण आधी त्याला हे एकट्याला वाचू दे. मी समोर असले तर तो मलाच पाणी विचारत बसेल.”

दुसऱ्या दिवशी मी जयगडहून रत्नागिरी आणि तिथून मालवणची एसटी धरली. तळाशीलला पोचले तेव्हा दुपार कलली होती. मामा घरामागे, खाडीच्या बाजूला, फाटकं जाळं मांडीवर घेऊन बसला होता. दोन वर्षांत पार वाळला होता. मला बघून हसला, गालाकडे बघून हसायचा थांबला.

“खंय मारून घेतलंस?”

“सांगतंय,” मी म्हटलं, आणि पत्र वाचून दाखवलं. त्याला वाचता येत होतं, पण चष्मा आत होता आणि तो आणायला तो उठेना.

मी वाचत असताना त्याने सुई जाळ्यात तशीच धरून ठेवली होती. वाचून झाल्यावर म्हणाला, “हुकाक हातच लागलो नाय?”

“नाय.”

“म्हंजे तो धरता.”

“काल धरल्यान. त्याच्यामुळे मी हयसर बसलंय.”

तो खाडीकडे बघायला लागला. “माका वाटलेला माझ्याच हातान झाला,” तो म्हणाला. “रोज रात्री आडवो झालंय की तो जोड मी परत मारी. मनात. खंय चुकलंय ता गावेना. मगे गावला. म्हंजे, गावला असा वाटला. थंड व्हायच्या आधी पाणी घातलंय आसतला. तसाच धरून चललंय.”

मामी आतून तांब्या घेऊन आली आणि दारातच थांबली.

“तुका कसा कळला?” मामाने विचारलं. “बाईन काल सांगल्यान तेव्हा?”

खोटं बोलायची सोय होती. मी ती घेतली नाही.

“नाय. मार्चात. बूम उतरवलंय तेव्हा हूक बघितलंय. शाबूत होतो. म्हटलं, आधी तिच्याकडून वदवून घेऊया, मगे तुका सांगूया. पुरो निकाल घेवनच येवया.”

“मार्चात,” तो म्हणाला.

“शिमग्याच्या आधी.”

त्याने मान हलवली. जाळ्यातली सुई काढली, पुन्हा घातली. मग हाताने खाडीचं पाणी दाखवलं, भरतीचं, गढूळ.

“हत्यारां सगळी थंय आसत,” तो म्हणाला. “एप्रिलात टाकलंय. घरात नको झाली. हातोडी, सळये, चामड्याचो पंजो, सगळा. तुझ्या मामीन धरल्यान माका, तरी टाकलंय.”

मी म्हटलं, क्लबवाले आता बोलावतील, यार्डवाले बोलावतील, हत्यारं मी नवीन घेऊन देते, उद्याच.

“घे. तू चांगल्या मनान देशीत,” तो म्हणाला. “पण ती माझ्या हाताच्या मापाची होती, बाय. तीस वर्षां लागली तशी होवक.” त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

मग त्याने पत्र माझ्या हातातून घेतलं, नीट घडी घातली, खिशात ठेवलं आणि मामीला म्हणाला, “हिका जेवक वाढ. लांबसून इली हा.”

मी जेवले. तो समोर बसून होता. मुंबईला तो परत आला नाही.